नवं धनुष्य घेतलं म्हणून शिकार नीतिमान होत नाही

सप्टेंबरमधला शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या तिरंदाजीच्या दुकानांत एकच सल्ला ऐकू येतो: धनुष्य दहा-पंधरा वर्षांचं झालं असेल तर आता बदला. कारण विचारलं तर उत्तर हौसेचं नसतं, नीतीचं असतं. नवं कंपाउंड धनुष्य जास्त वेगवान, जास्त शांत आणि हाताची चूक पोटात घालणारं आहे. ज्या जनावराचा जीव घ्यायचा त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात असं वाटत असेल, तर मिळेल ते उत्तम साधन हाती घेणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तेव्हा जुनं धनुष्य वापरत राहणं म्हणजे आपल्या काटकसरीची किंमत हरणाला मोजायला लावणं, असं हे म्हणणं.

या म्हणण्याला बाजारू बडबड म्हणून झटकून टाकता येत नाही. बाण चुकीच्या जागी लागला तर हरीण तासन् तास तडफडतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. ज्याला याची लाज वाटत नाही त्याने धनुष्य हातात धरू नये. यातनांची ही चिंता मला पूर्ण मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. धडधाकट आणि अंगाला बसणारं जुनं धनुष्य बदलल्याने हरणाच्या यातना जवळजवळ कमी होत नाहीत. उलट नव्या धनुष्याचा वेग शिकाऱ्याला लांबून बाण सोडायचा मोह घालतो, आणि त्या मोहात यातना वाढतात.

हा वाद अमेरिकेतला आहे आणि तो तिथेच ठेवायला हवा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं हंगाम ठरवतं, परवाने देतं, किती जनावरं मारायची ते सांगतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, तिथे शेताशिवारांत आणि उपनगरांतही मोठ्या संख्येने आहे. तिथे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने रीतसर परवाना काढून ही वाट धरली, तर दुकानाच्या काउंटरवर त्यालाही हाच सल्ला मिळेल. म्हणून तो तपासून बघू.

कंपाउंड धनुष्याचा शोध मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांचा. त्यांना पेटंट मिळालं १९६९ साली. धनुष्याच्या दोन टोकांना त्यांनी आस मध्यबिंदूपासून सरकलेली चाकं बसवली. त्यामुळे ओढताना मध्ये जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम उतरतो. या उताराला तिरंदाज लेट-ऑफ म्हणतात. सुरुवातीच्या धनुष्यांत तो निम्मा होता, म्हणजे ७० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढून धरायला ३५ पौंड बळ लागे. पुढे ६५ टक्क्यांचा लेट-ऑफ आला, मग ८० टक्क्यांचा. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर तेच धनुष्य १४ पौंडांवर धरून ठेवता येतं. चाकांची जागा अंडाकृती कॅमनी घेतली, पोलादी केबल जाऊन कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या आल्या, १९९२मध्ये मॅथ्यूजने एका कॅमचं धनुष्य लोकप्रिय केलं, आणि पुढच्या दशकात धनुष्याच्या लवचिक भुजा, म्हणजे लिम्ब, जवळजवळ समांतर झाल्याने हाताला बसणारा हिसका पुष्कळ कमी झाला.

ही प्रगती खरी आहे. १९७८च्या धनुष्यावरून २००८च्या धनुष्यावर आलेल्या माणसाला मोठी झेप मिळाली, यात शंका नाही. पण आज 'जुनं' म्हणून जे धनुष्य काढून टाकायला सांगतात ते बहुतेक वेळा २००८चं किंवा २०१२चं असतं. समांतर लिम्ब, चांगला कॅम, ८०च्या आसपास लेट-ऑफ, हे सगळं त्यात आधीच आहे. पहिल्या तीस वर्षांची झेप दाखवून शेवटच्या पंधरा वर्षांचा माल विकायचा, ही या सल्ल्यातली पहिली गफलत.

दुसरी गफलत वेगाच्या आकड्यांत आहे. नव्या धनुष्यावर सेकंदाला ३३५ फूट असा काहीतरी आकडा छापलेला असतो. हा वेग ७० पौंडांची ओढ, ३० इंचांची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी मागे ओढायची लांबी, आणि अवघ्या ३५० ग्रेन वजनाचा बाण धरून मोजतात. दोरीवर पीप, म्हणजे नेम धरायची बारीक कडी, नाही, आवाज मारणारी रबरं नाहीत. मध्यम उंचीच्या माणसाची ड्रॉ लेंग्थ २८ इंचांच्या आसपास असते. तो ६० पौंड ओढतो आणि शिकारीला ४२० ग्रेनचा बाण वापरतो, असं धरू. तिरंदाजांचे ढोबळ हिशेब सर्वांना माहीत आहेत: ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की दहा फूट वेग जातो, ओढ एक पौंड कमी झाली की दोन फूट, बाण तीन ग्रेनने जड झाला की एक फूट. म्हणजे ३३५मधून वीस गेले, आणखी वीस गेले, तेवीस गेले. उरले २७०च्या आसपास. ज्या जुन्या धनुष्यावर ३१५ छापलं होतं त्याचे याच हिशेबाने २५० उरतात. दोघांतला खरा फरक वीस फुटांचा. गिऱ्हाईक मात्र दुकानातल्या यंत्रावर स्वतःच्या धनुष्याचे २५० बघतो, नव्या धनुष्याच्या जाहिरातीतले ३३५ बघतो, आणि आपण पंच्याऐंशी फुटांनी मागे पडलो असं समजतो. त्याचा हा गैरसमज दूर करणं दुकानदाराच्या फायद्याचं नसतं.

आता हे वीस फूट हरणाच्या दृष्टीने किती मोलाचे ते बघू. हरीण २० यार्डांवर आडवं उभं आहे. बाण सुटला आणि नेमकं त्याच क्षणी ते चरत चरत पुढे सरकलं, सेकंदाला दोन फूट या संथ चालीने. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला तर जुन्या धनुष्याचा बाण ०.२४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात हरीण पावणेसहा इंच पुढे गेलेलं असतं. नव्या धनुष्याचा बाण ०.२२ सेकंदात पोहोचतो आणि हरीण सव्वापाच इंच पुढे असतं. फरक अर्ध्या इंचाचा.

आता नवं धनुष्य घेतलेला माणूस ४० यार्डांवरून बाण सोडतो असं धरू. त्याच्याच वेगवान बाणाला ०.४४ सेकंद लागतात आणि हरीण जवळजवळ पावणेअकरा इंच पुढे सरकतं. व्हाइटटेलचं हृदय आणि फुप्फुसं मिळून आठ-दहा इंचांची जागा होते. नेम तिच्या मध्यावर धरलेला, म्हणजे चुकायला मुभा चार-पाच इंचांची. २० यार्डांवरचा बाण त्या जागेच्या मागच्या कडेला किंवा यकृताजवळ लागतो. ४० यार्डांवरचा बाण पोटात जातो. ज्या तडफडीची भीती दाखवून हे धनुष्य विकलं गेलं, ती तडफड इथे सुरू होते. वेगाने अर्धा इंच दिला आणि अंतराने पाच इंच काढून घेतले. हरणाची काळजी असणाऱ्याने पैसे मोजून अर्धा इंच विकत घेण्यापेक्षा वीस यार्ड जवळ जायला शिकावं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'आम्ही लांबून मारत नाही, फक्त वेग घेतो.' काहीजण खरंच तसं वागत असतील. पण धनुष्य वेगवान झालं की बाणाची वाट सपाट होते, अंतराचा अंदाज चार यार्डांनी चुकला तरी फरक कमी पडतो, साइटवर आणखी एक पिन लावावीशी वाटते, आणि बघता बघता ५० आणि ६० यार्डांची चर्चा सुरू होते. लक्ष्यफलक जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर हे जमतं. हरीण हलतं. दूरवर अचूक बाण मारता येणं हे कौशल्य आहे, आणि सरावासाठी ते उत्तम आहे. पण बाण हवेत असताना जनावर काय करेल यावर जगातल्या कुठल्याही धनुष्याचा ताबा नाही.

दुसरा मुद्दा आवाजाचा. दोरी सुटल्याचा आवाज ऐकून हरीण पाय दुमडून खाली बसतं आणि बाण वरून जातो किंवा पाठीत लागतो. नवं धनुष्य शांत असतं हे खरं. पण आवाज सेकंदाला सव्वा अकराशे फुटांच्या आसपास जातो. कुठलाच बाण त्याला मागे टाकू शकत नाही. २० यार्डांवर आवाज पोहोचल्यापासून बाण पोहोचेपर्यंत जुन्या धनुष्याने हरणाला ०.१९ सेकंद मिळतात, नव्याने ०.१७. नव्याच धनुष्याने ४० यार्डांवरून मारलं तर ०.३४. इथेही अंतरच निर्णायक ठरतं.

शिवाय जुनं धनुष्य शांत करायचे उपाय स्वस्त आहेत. दोरीवर आणि लिम्बवर आवाज शोषणारी रबरं लावावीत, खुळखुळणारा प्रत्येक स्क्रू आवळावा, आणि जड बाण वापरावा. बाण जड असला की धनुष्यातली ताकद जास्त प्रमाणात बाणात जाते आणि कंप व आवाज होऊन वाया जाणारी ताकद कमी होते. हलका बाण घेऊन वेगाचा आकडा वाढवणारे नेमकं याच्या उलट करतात.

ताकद कमी पडते, ही तक्रार तर टिकतच नाही. ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २५० फुटांनी गेला तर त्यात ५८ फूट-पौंड ऊर्जा असते. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या, शिकाऱ्यांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी ४२ ते ६५ फूट-पौंड पुरेसे मानले आहेत. विस्कॉन्सिनचा कायदा हरणासाठी किमान ३० पौंडांची ओढ मागतो. ज्यांनी धनुष्याची शिकार अमेरिकेत लोकप्रिय केली त्या फ्रेड बेअर यांनी कॅम नसलेल्या साध्या रिकर्व्ह धनुष्याने अलास्कातलं तपकिरी अस्वल मारलं होतं. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या टोकाच्या पात्याची, धार रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने जनावर काही सेकंदांत कोसळतं. म्हणजे मरण सुसह्य करणाऱ्या गोष्टी दोन: बाण लागण्याची जागा आणि पात्याची धार. बोथट ब्रॉडहेड लावलेलं नवंकोरं धनुष्य क्रूर आहे. धारदार पातं लावलेलं २००८चं धनुष्य तसं नाही.

तिसरा मुद्दा चूक पोटात घालण्याचा. इथे तर दावाच उलटा आहे. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर जास्त असलं की धनुष्य हातात स्थिर राहतं. मूठ आणि दोरी यांतलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, जास्त असलं की बाण दोरीवरून लवकर सुटतो आणि हात हलल्याचा परिणाम त्याच्यावर कमी होतो. जुनी धनुष्यं लांब असत आणि त्यांची ब्रेस हाइट सात-आठ इंचांची असे. वेग वाढवायला ती सहा इंचांवर आणली गेली आणि झाडावरच्या मचाणात अडू नये म्हणून धनुष्य तीसेक इंचांपर्यंत आखूड झालं. मचाणात आखूड धनुष्य सोयीचं, हे मान्य. पण त्याला जास्त क्षमाशील म्हणणं चूक.

अचूकता म्हणजे काय हे पाहायचं तर आपल्याच मुलांकडे पाहावं. २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी कंपाउंडचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेतले. हा खेळ ५० मीटरवर होतो आणि त्यात ओढीवर ६० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे निव्वळ ताकदीच्या आणि वेगाच्या शर्यतीला तिथे लगाम आहे. स्पर्धेची धनुष्यं सामान्यतः शिकारीच्या धनुष्यांहून लांब असतात. त्या मुलांचं साधन उत्तम असणार, पण त्यांना जिंकवलं ते अंगाला बिनचूक बसवलेल्या धनुष्याने आणि एकच हालचाल हजारो वेळा तशीच करण्याने. हंगामाच्या तोंडावर नवं धनुष्य घेणारा शिकारी यातली दुसरी गोष्ट हातची घालवतो. ऑगस्टमध्ये घेतलेल्या धनुष्याची पकड, ओढीचा शेवट, गालावर हात टेकायची जागा, सगळंच अनोळखी असतं, आणि सप्टेंबरच्या मध्यावर तो जिवंत जनावरासमोर उभा राहतो. दहा वर्षांच्या सवयीचं धनुष्य सोडून महिन्याभराच्या ओळखीचं धनुष्य घेणं, यात हरणाचं कोणतं हित?

एक युक्तिवाद मात्र खरोखर वजनदार आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला आणि सत्तरच्या दशकात तिरंदाजीचं साहित्यही त्यात आलं. धनुष्याच्या कारखान्याच्या किमतीवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. म्हणजे नवं धनुष्य घेणारा जंगलाला मदत करतो. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण बाणांवरही कर आहे, ब्रॉडहेडवरही आहे, आणि परवान्याचे पैसे राज्याच्या वन्यजीव खात्यालाच जातात. राज्याचा वाटा ठरवताना परवानाधारक शिकाऱ्यांची संख्याही धरली जाते. म्हणजे दरवर्षी परवाना काढणारा जुन्या धनुष्याचा शिकारी ही व्यवस्था चालू ठेवतोच. चांगलं जुनं धनुष्य स्वस्तात हाती आल्याने एखादा नवखा या वाटेला लागला तर परवाना काढणाराही वाढतो. कर भरायचा म्हणून गरज नसलेली वस्तू घ्यावी असा हा कायदा सांगत नाही.

तरीही काही धनुष्यं बदललीच पाहिजेत, आणि ती कुठली ते स्पष्ट सांगायला हवं. लिम्बला चीर गेली असेल किंवा तिचे थर सुटले असतील तर ते धनुष्य पुन्हा ओढू नये. कापूस लिम्बवरून अलगद फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे बारीक चीर असू शकते. बाण न लावता दोरी सुटली असेल, किंवा धनुष्य उन्हाळाभर बंद गाडीत तापलं असेल, तर ते जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. पोलादी केबलची पहिल्या पिढीची धनुष्यं भिंतीवर शोभतील. त्यांचे भाग मिळत नाहीत आणि सगळ्यांना आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्या सोसत नाहीत. ड्रॉ लेंग्थ जुळत नसेल आणि कॅम बदलूनही जुळवता येत नसेल, तर धनुष्य कितीही चांगलं असो, ते आपलं नव्हे. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतची लांबी इंचांत मोजावी आणि अडीचने भागावी. येणारा आकडा हा सुरुवातीचा अंदाज. खांदा दुखावलेल्या माणसाला जुन्या ६५ टक्क्यांऐवजी ८०-८५ टक्क्यांच्या लेट-ऑफचा खराखुरा उपयोग होतो: ६० पौंडांच्या धनुष्यावर २१ पौंडांऐवजी ९ ते १२ पौंड धरावे लागतात आणि हात थरथरत नाही. ही कारणं धनुष्याच्या आणि माणसाच्या शरीरातली आहेत. धनुष्याच्या जन्मसालाचा त्यांच्याशी संबंध नाही.

यातलं एकही कारण लागू नसेल तर पैसे कुठे घालावेत? नामांकित कंपनीचं वरच्या श्रेणीचं नुसतं धनुष्य बाराशे डॉलरांच्या वर जातं. साइट, रेस्ट आणि बाकीचं साहित्य वेगळं. त्याच्या लहानशा हिश्श्यात जुन्या धनुष्याला नवी दोरी आणि केबल बसतात. दोन-तीन वर्षांनी त्या बदलायलाच हव्यात, कारण ताणलेली दोरी कॅमची जुळणी बिघडवते आणि पीप फिरवते. हे काम घरी करू नये. धनुष्य प्रेसमध्ये दाबून ते सुरक्षितपणे करणाऱ्याकडे द्यावं. मग कागदातून बाण मारून तो सरळ जातोय का ते बघावं. ओढीला योग्य कडकपणाचे, एकसारख्या वजनाचे बाण घ्यावेत. दर पौंडाला पाच ग्रेनपेक्षा हलका बाण कधीही लावू नये, कारण त्याने लिम्बवर रिकाम्या सुटीसारखाच आघात होतो. ब्रॉडहेडची पाती प्रत्येक हंगामाला नवी किंवा नव्याने धार लावलेली असावीत.

उरलेला वेळ सरावाला द्यावा, आणि तोही शिकारीच्या कपड्यांत, मचाणाच्या उंचीवरून, अंग गरम न करता. दिवसाचा पहिला बाण आपली खरी पातळी सांगतो, कारण हरणासमोर दुसरा मिळत नाही. ज्या अंतरावर रोजचा पहिला बाण आठ इंचांच्या वर्तुळात न चुकता पडतो, तेच आपलं शिकारीचं अंतर. ते बावीस यार्ड निघालं तर तेविसाव्या यार्डावरच्या हरणाला जाऊ द्यावं.

यातना कमी करण्याचं कर्तव्य मानणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते कर्तव्य आणखी कडकपणे पाळा. ते पाळायला धनुष्य निर्धोक हवं, अंगाला बसणारं हवं, पातं धारदार हवं, अंतराला मर्यादा हवी, आणि खात्री नसेल तेव्हा ओढलेली दोरी सावकाश परत सोडण्याची तयारी हवी. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी या वर्षीचं मॉडेल लागत नाही. ज्याचं धनुष्य या कसोट्यांना उतरतं त्याने ते निःशंकपणे वापरावं, आणि दुकानात कुणी त्याच्या नीतीवर बोट ठेवलं तर त्याला उलट विचारावं: तुम्ही किती यार्डांवरून बाण सोडता?